तुम्ही विचारलंत म्हणून: सरहद्दीवरचा पंथ आणि बंदूक

वायव्य सरहद्दीच्या इतिहासावर कुठे बोलायला गेलो की व्याख्यान संपल्यावर, चहाचा कप हातात धरून, कोणीतरी हमखास विचारते: ‘पाकिस्तानच्या त्या पठाणी मुलखातल्या दहशतवादाचे मूळ देवबंदात आहे म्हणतात, ते खरे का?’ देवबंद म्हणजे उत्तर प्रदेशातला मोठा मदरसा, आणि त्याच्या शिकवणीतून वाढलेला सुन्नी पंथ. चहा संपेपर्यंत देता येईल असे उत्तर माझ्यापाशी नसते, आणि नुसते ‘होय’ किंवा नुसते ‘नाही’ म्हटले तर दोन्ही वेळा खोटे बोलल्यासारखे होईल. पंथाचा संबंध आहे, आणि तो खोलवर आहे. मात्र आपल्याला वाटते की तिथला मुल्ला उठला तो थेट अमेरिकेशी किंवा भारताशी लढायला. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा आधी उठला शेजारच्या पिराविरुद्ध, गावच्या खानाविरुद्ध किंवा डोंगरापलीकडच्या शिया वस्तीविरुद्ध. दूरचे शत्रू त्याला नंतर मिळाले.

याचे पहिले ठळक उदाहरण देवबंदच्या स्थापनेच्या, म्हणजे १८६६ च्या, बरेच आधीचे आहे. रायबरेलीचे सय्यद अहमद हे अठराव्या शतकातले दिल्लीचे धर्मपंडित शाह वलीउल्लाह यांच्या घराण्याच्या शिष्यपरंपरेतले. अहमदशाह अब्दालीला मराठ्यांविरुद्ध बोलावणारे पत्र ज्यांच्या नावावर आहे, ते हेच शाह वलीउल्लाह. सय्यद अहमदांनी तरुणपणी चाकरी केली तीही यशवंतराव होळकरांचा साथीदार अमीरखान, आपल्याकडचा ‘मीरखान’, याच्या फौजेत. आणि पुढे सरहद्दीवरून त्यांनी दौलतराव शिंद्यांचे मेहुणे हिंदुराव घाटगे यांना पत्र पाठवले होते. तर हे सय्यद अहमद १८२६ मध्ये शिखांविरुद्ध जिहाद करण्यासाठी अनुयायांसह निघाले, सिंध, कंदाहार आणि काबूल असा वळसा घेऊन पेशावरकडे आले, आणि १८२७ च्या जानेवारीत पठाण टोळ्यांनी त्यांना इमाम मानले. चार वर्षांत सगळे फिसकटले. त्यांनी उश्र, म्हणजे शेतीच्या उत्पन्नाचा दशांश, आपल्या माणसांकरवी वसूल करायला सुरुवात केली, आणि मुलीच्या लग्नात वधूपित्याने पैसे घेण्यासारख्या पठाणी चालीरीतींना धर्मबाह्य ठरवून हात घातला. ज्या टोळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांनीच उठून त्यांचे वसुली अधिकारी कापून काढले. ६ मे १८३१ रोजी बालाकोट येथे ते शीख फौजेकडून मारले गेले. पण त्यांचा पराभव त्याआधीच, मुसलमान गावांतून, झालेला होता.

हा पेच समजायला गावातल्या मुल्लाची जागा पाहावी लागते. जुन्या पठाणी गावात ती आपल्याकडच्या बलुतेदाराच्या जवळची होती: बांग द्यावी, मयताचे संस्कार करावेत, आणि त्याबदल्यात धान्याचा वाटा घ्यावा. जिरग्यात, म्हणजे टोळीच्या पंचायतीत, बोलण्याचा मान जमीनवाल्यांचा. इंग्रजांनी १९०१ च्या सरहद्द गुन्हेगारी कायद्याने कबायली, म्हणजे टोळ्यांचा, भाग मलिकांमार्फत (टोळीच्या मुखियांमार्फत) चालवला, मलिकांना तनखे दिले, आणि पाकिस्ताननेही २०१८ पर्यंत थोड्याफार फरकाने तीच घडी ठेवली. अशा व्यवस्थेत मुल्लाला वर चढायची शिडी नव्हती. मलिकाच्या अधिकाराचा आधार असलेला रिवाज, आणि पिराच्या प्रतिष्ठेचा आधार असलेला दर्गा, हे दोन्ही मुळातच इस्लामला धरून नाहीत असे सांगणारा पंथ हाती आला, तेव्हा ती शिडी मिळाली.

स्वाबी जिल्ह्यातील पंजपीर गावच्या मौलाना मुहम्मद ताहिर यांची शाळा ही या दृष्टीने मला देवबंदापेक्षाही महत्त्वाची वाटते. ते देवबंदी परंपरेतलेच. पण इतर देवबंदी त्यांच्या अनुयायांना ‘ममाती’ (मृत्यू मानणारे) म्हणून हिणवतात, कारण पैगंबर कबरीत जिवंत आहेत की नाहीत या वादात त्यांची बाजू वेगळी आहे. गावात मात्र भांडण पेटते ते अधिक रोकड्या गोष्टींवरून. उदाहरणार्थ ‘इस्कात’: मयताच्या राहून गेलेल्या नमाजांची भरपाई म्हणून काही रक्कम मुल्लांच्या रिंगणात हातोहात फिरवून वाटण्याची चाल. पंजपीरच्या माणसांनी तिला भेसळ ठरवले, आणि अर्थातच ज्यांच्या हातात ती रक्कम पडत असे ते चिडले. मलाकंड भागात शरियतसाठी चळवळ उभारणारा सूफी मुहम्मद याच वळणाचा (नाव सूफी असले तरी), आणि रेडिओवरून स्वात हादरवणारा फजलुल्लाह हा त्याचा जावई.

रेडिओवरून आठवले. मला कोणी एकच उदाहरण मागितले तर मी खैबर भागातील बाडा या गावाचे देतो. पेशावरला लागून असलेले हे आफ्रिदी या पठाण टोळीचे बाजाराचे ठिकाण. २००४ नंतरच्या दोन वर्षांत तेथे मुफ्ती मुनीर शाकिर आणि अफगाणिस्तानातून येऊन स्थिरावलेले पीर सैफुर्रहमान यांच्यात वाद जुंपला. एक पंजपीरकडे झुकलेला, दुसरा नक्शबंदी या सूफी परंपरेची गादी चालवणारा; दोघेही बाहेरचे, दोघांचीही बेकायदा एफएम केंद्रे, आणि दोघेही रोज रात्री एकमेकांना धर्मबाह्य ठरवत. वाद होता पिराची भक्ती, तावीज आणि मध्यस्थी यांवरचा. ऐकणारे आपापल्या बाजूने शस्त्रे घेऊन उभे राहिले. २००६ मध्ये टोळीच्या दबावाने दोघांनाही मुलूख सोडावा लागला. पण त्यांच्या मागे दोन सशस्त्र संघटना उरल्या, लष्कर-ए-इस्लाम आणि अन्सार-उल-इस्लाम. पहिलीचे नेतृत्व मंगल बाग या, कोणत्याही मदरशाचा आलिम (धर्मपंडित) नसलेल्या आफ्रिदीकडे गेले. त्याने बाजारावर दंड आणि कर बसवले, आणि २०१५ मध्ये ही संघटना तेहरीक-ए-तालिबानमध्ये, म्हणजे पाकिस्तानी तालिबानमध्ये, सामील झाली. तावीज घालावा की नाही इथून निघालेले भांडण नऊ-दहा वर्षांत राज्याविरुद्धच्या युद्धात जाऊन मिळाले, आणि मधल्या काळात सरकार बहुतेक वेळ बघत बसले.

स्वातमध्ये हेच अधिक क्रूरपणे घडले. तालिबानला विरोध करणारे, दर्गे मानणाऱ्या बरेलवी पंथाचे पीर समीउल्लाह डिसेंबर २००८ मध्ये मारले गेले, आणि नंतर त्यांचे प्रेत कबरीतून उकरून चौकात टांगण्यात आले. मार्च २००९ मध्ये पेशावरजवळ पश्तूचे संतकवी रहमान बाबा यांची कबर स्फोटाने उडवली गेली. आपल्याकडे तुकोबांचे अभंग जसे अडाणी माणसाच्याही तोंडी असतात तशा तिकडे रहमान बाबांच्या कविता. त्यावरून तो घाव किती आत गेला असेल हे समजावे.

कुर्रमची गोष्ट वेगळी आहे. तेथील तुरी ही शिया टोळी, आजूबाजूला सुन्नी, आणि भांडणाच्या तळाशी जमीन, पाणी व डोंगरातली राने. लष्करशहा जिया-उल-हक यांच्या काळात अफगाण मुजाहिदीनांचा रस्ता याच दरीतून गेला आणि जुन्या भांडणाला नवी शस्त्रे मिळाली. २००७ नंतर ठल ते पाराचिनार हा रस्ता काही वर्षे असा बंद होता की पेशावरला जायला लोक अफगाणिस्तानातून फिरून येत. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच वाटेवर प्रवाशांच्या ताफ्यावर गोळीबार होऊन चाळीसहून अधिक माणसे मेली.

आता देवबंद. जलालुद्दीन हक्कानीसारखे लढवय्ये अकोडा खटकच्या हक्कानिया मदरशातून निघाले, आणि तो मदरसा देवबंदी आहे, हे निर्विवाद. पण १९९० च्या निवडणुकीत पठाण राष्ट्रवादी नेते वली खान यांना हरवणारे चारसद्द्याचे मौलाना हसन जानही देवबंदीच होते. आत्मघातकी हल्ल्यांना त्यांनी विरोध केला, आणि सप्टेंबर २००७ मध्ये त्यांना पेशावरमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. दुसरीकडे, २०११ मध्ये पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना मारणारा अंगरक्षक दर्गे मानणाऱ्या बरेलवी पंथाचा होता. म्हणून पंथाचे नाव ऐकून माणूस ओळखता येतो असे मी मानत नाही. तो पंथ गावात आला तेव्हा कोणाची सत्ता रिकामी पडली होती, बंदुका कोणी पुरवल्या आणि सरकारने कोणाकडे काणाडोळा केला, हे मी आधी विचारतो.

बाड्यातल्या त्या मुफ्ती मुनीर शाकिरचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. उत्तरायुष्यात तो बदलला, आणि ज्या कडवेपणाला त्याने एके काळी आवाज दिला होता त्याच्यावरच उघड टीका करू लागला. १५ मार्च २०२५ रोजी पेशावरच्या उरमर भागात, मशिदीजवळ झालेल्या स्फोटात तो मारला गेला.