मिग-21 चा निरोप, हजारी पहाडावरून

26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 या लढाऊ विमानाचा निरोप समारंभ चंदीगडला होता आणि मी आदल्या दिवशी नाशिकहून सेवाग्राम एक्सप्रेसने नागपूरला निघालो होतो. आमचं घर नाशिकजवळच्या ओझरचं. या विमानांपैकी साडेसहाशेहून जास्त एचएएलने, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने, आमच्या गावात बांधली. वर्ग चालू असताना एखादं डोक्यावरून गेलं की बाई खडू हातात धरून तशाच थांबायच्या. तरी शेवटच्या दिवशी मला मामांजवळ बसायचं होतं. ते वायुसेनेत इंजिन फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरला हजारी पहाडावर घर बांधलं.

सकाळी स्टेशनवरून ऑटो केली. सदर मागे पडलं, सेमिनरी हिल्सची झाडी लागली आणि हवा एकदम बदलली. नवरात्र चालू होतं, रस्त्यावर अनवाणी चालणारी माणसं दिसत होती. पुढे वायुसेनानगर. मेन्टेनन्स कमांडचं मुख्यालय इथेच आहे. वायुसेनेचे सगळे बेस रिपेअर डेपो, म्हणजे दुरुस्तीचे कारखाने, या कमांडच्या हाताखाली येतात, आमच्या ओझरचा 11 नंबरचासुद्धा. लढाऊ विमान म्हटलं की लोकांना वैमानिक आठवतो. ते विमान दुसऱ्या दिवशी पुन्हा उडावं म्हणून रात्रभर खपणाऱ्यांचं गाव मात्र मला नागपूरच वाटतं.

मामींनी तर्री पोहे केले होते. मामा आधीच टीव्हीसमोर बसलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. घरात बसून बघायचं असूनही दाढी गुळगुळीत.

"मिगचं इंजिन कसं काढतात ठाऊक आहे का तुला?" त्यांनी विचारलं. ठाऊक होतं, पण मी नाही म्हणालो. मग त्यांनी दोन्ही हात जोडून विमान केलं आणि मनगटापासून मागचा भाग हळूच वेगळा केला. मिग-21 चं शेपटाकडचं अर्धं धड सोडवून गाडीवर मागे ओढावं लागतं, तेव्हा कुठे इंजिन बाहेर येतं. जोडताना सगळ्या नळ्या, सगळ्या तारा पुन्हा जिथल्या तिथे. उन्हात पत्रा इतका तापायचा की हात ठेवला की चटका बसायचा. "अन् मधात बसायला जागा? पोट्टं बारीक असलं त जमे."

समारंभ सुरू झाला. वायुसेनाप्रमुख ए. पी. सिंग स्वतः उडवत होते, कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, 'बादल 3'. याच चंदीगडला 1963 मध्ये 28 नंबरच्या स्क्वॉड्रनपासून सुरुवात झाली होती, आणि 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ल्याला गेली तीही हीच विमानं. निवेदक हे सगळं भरभरून सांगत होता. विमानं जवळ आली तरी त्याचं बोलणं थांबेना.

"काहून बोलून राह्यला हा मधात? आवाज त ऐकू दे ना त्याचा!" मामा ओरडले.

मग बातम्यांमध्ये 'उडती शवपेटी' हे शब्द आले. मामांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मलाही ते शब्द सहन होत नाहीत. अपघात झाले, चारशेच्या वर सांगतात, आणि त्यात गेलेली मुलं कोणाची तरी होती. पण हे विमान ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगाने उतरतं, मागे पॅराशूट उघडल्याशिवाय आवरत नाही. संथ प्रशिक्षण विमानांवर शिकलेल्या मुलांना एकदम त्यात बसवत होतो आपण. मधल्या टप्प्यासाठी प्रगत प्रशिक्षण विमान घ्या, अशी शिफारस एका समितीने 1982 मध्येच केली होती. तसलं विमान, हॉक, हातात यायला 2008 उजाडलं. सव्वीस वर्षं! नाव ठेवायचं तर त्या उशिराला ठेवा.

"मशीन खराब नव्हती रे," मामा शेवटी म्हणाले. "पोट्ट्यांना मधातली पायरीच नव्हती."

संध्याकाळी आम्ही फुटाळ्यावर गेलो. तलावाच्या काठी ही गर्दी, मक्याच्या कणसांचा धूर. सोनेगावकडे उतरणारं एक प्रवासी विमान दिसलं. मामांनी सवयीने मान वर केली, पण काही बोलले नाहीत.

मी मोबाइलवर शोधत होतो. कोणीतरी धावपट्टीच्या जवळून टिपलेलं उड्डाण सापडलं. त्यात निवेदन नाही, संगीत नाही, फक्त इंजिन आणि त्याचं रीहीट, म्हणजे मागे जादा इंधन पेटवून मिळणारा जोर. मामांच्या उजव्या कानाला फारसं ऐकू येत नाही, इतकी वर्षं इंजिनांजवळ काढल्यावर राहिलेली ती खूण आहे. म्हणून मी उठून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि मोबाइल त्यांच्या कानाला लावला.

आधी नुसती शीळ आली, मग घरघर. मामांनी डोळे मिटले आणि बोट वर केलं, थांब म्हणून.

"आता," ते म्हणाले, "आता लागल पाह्य रीहीट."

आणि लागलं.