गोळी का गप्पा?

धडधड अन् भीती वाटते म्हणून आज अमळनेरहून जळगावला मनाच्या डॉक्टरांकडे तिसरी खेप. निघताना मायने कळण्याची भाकरी बांधून दिली अन् नेहमीचंच ऐकवलं, "गोयीनी सवय लागी जाई रे भाऊ."

तेच डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. तुमची भीतीवरची एस्सिटालोप्राम वेगळी. गुण यायला काही आठवडे जातात. फक्त मनानेच एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू. (मी दहाव्या दिवशीच वैतागून फेकायला निघालो होतो!)

मग समुपदेशक ताई. ही सीबीटी, म्हणजे बोलून विचार अन् वागणं बदलायचा उपचार, साधारण १२ ते १६ बैठका. मला वाटायचं, नुसत्या गप्पांचे कसले पैसे? त्यांनी वही दिली. भीती वाटली की मनात आलेलं लिहायचं अन् समोर पुरावा मांडायचा.

परतीच्या गाडीत धडधड सुरू झालीच. लिहिलं : 'आता अटॅक येणार.' पुरावा : मागच्या ९ वेळा असंच वाटलं, ईसीजी नॉर्मल. धरणगाव येईस्तोवर श्वास जागेवर. गोळीने झालं का वहीने, देव जाणे. मी दोन्ही चालू ठेवणार.

कुणाला जळगाव लांब पडत असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

शेजारचे आप्पा वहीत डोकावून म्हणे, "कापूसना हिशोब शे का भाऊ?"

"हा आप्पा, तसाच काही."