तुम्ही विचारलंत म्हणून: जॉन कझेलच का?

आवडता नट कोण असं कुणी विचारलं की मी जॉन कझेल म्हणतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, हा कोण बुवा, आणि अल पचिनो, रॉबर्ट डी नीरो असे बडे नट असताना हाच का? तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

गॉडफादर बघितलाय ना? त्यातला फ्रेडो, बापावर गोळ्या झाडतात तेव्हा ज्याच्या हातातून पिस्तूल निसटतं आणि जो तिथेच बसून रडतो, तो हा. सिनेमे उणेपुरे पाच, गॉडफादर (१९७२), द कॉन्व्हर्सेशन आणि गॉडफादरचा दुसरा भाग (१९७४), डॉग डे आफ्टरनून (१९७५), द डियर हंटर (१९७८). पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित, त्यातले तीन जिंकले, आणि ह्याला स्वतःला एकही नामांकन नाही! लोक हेच सांगत बसतात, पण चांगले सिनेमे मिळणं हा नशिबाचाही भाग असतो.

मला आवडतो तो त्याचा दुबळेपणा. म्हणजे दुबळा माणूस करताना बहुतेक नट प्रेक्षकांकडे सहानुभूती मागतात, हा मागतच नाही. दुसऱ्या भागात फ्रेडो धाकट्या भावापुढे मनातलं सगळं ओकतो तो सीन बघा, आरामखुर्चीत आडवा पडलेला, रागाने उठायला जातो आणि ते सुद्धा धड जमत नाही. कीव येते आणि चीडही येते.

मूळचा बॉस्टनकडचा आणि नाटकवाला. न्यूयॉर्कमध्ये स्टँडर्ड ऑइलमध्ये कागदपत्रं पोचवायचं काम करायचा, पचिनोशी ओळख तिथलीच. १९६८ साली दोघांनी इस्रायल होरोवित्झचं एक नाटक केलं, त्यात कझेल झाला होता गुप्ता नावाचा भारतीय, इंग्रजी येत नाही, शहरात हरवलाय, आणि बसस्टॉपवर दोन टवाळ पोरं त्याला छळतात (गोऱ्या नटाने हिंदी बोलणारा माणूस करणं आज चाललं नसतं, असो). कझेल आणि पचिनो दोघांनाही ओबी, म्हणजे न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे (छोट्या थिएटरांतल्या) नाटकांसाठीचा पुरस्कार, मिळाला. आपलं बोलणं कुणापर्यंत पोचतच नाही अशा माणसाची भूमिका, मला वाटतं फ्रेडो तिथेच तयार झाला.

१९७६ ला सेंट्रल पार्कमध्ये शेक्सपिअरचं नाटक करताना अभिनेत्री मेरिल स्ट्रीप भेटली, प्रेम जमलं, आणि थोड्याच काळात फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डियर हंटरच्या वेळी स्टुडिओला तो नकोच होता, पण दिग्दर्शक चिमिनो अडून बसला आणि कझेलचे सीन आधी उरकून घेतले. मार्च १९७८ मध्ये तो गेला, अवघा ४२ वर्षांचा. सिनेमा त्याने बघितलाच नाही.

आधी कुठला बघू म्हणाल तर डॉग डे आफ्टरनून. बँक लुटायला गेलेला पचिनो त्याला विचारतो, पळून कुठल्या देशात जायचंय तुला? हा शांतपणे म्हणतो, वायोमिंग. जे अमेरिकेतलंच एक राज्य आहे! हसू येतं, पण तेवढ्यात त्याच्या चेहऱ्याकडे बघा, त्याला खरंच माहीत नाहीये.