अंग आंबले, ते मोकळे झालेच नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागातून ओसरले, तेव्हा आमच्या घरात वीतभर गाळ राहिला होता. तो उपसायला, भिंती धुवायला आणि फुगलेली कपाटे रस्त्यावर आणून टाकायला आम्हाला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्या काळात गल्लीतल्या प्रत्येकाचेच अंग आंबले होते, त्यामुळे माझे आंबले आहे याचे कोणाला, अगदी मलाही, विशेष वाटले नाही. पुढे गणपती बसले, विसर्जन झाले, शेजाऱ्यांची अंगे मोकळी झाली. माझे मात्र दिवाळीचा फराळ करायची वेळ आली तरी तसेच होते आणि तोवर दुखणे दंडांतून मानेत, पाठीत, मांड्यांत असे सगळीकडे पसरले होते. अंगभर टिकून राहणाऱ्या या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात, हे कळायला मला एकूण दीड वर्ष लागले.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहायला हात वर केला की खांद्यापासून कोपरापर्यंत ठणका लागे, म्हणून नकळत मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहू लागले होते. मागच्या बाकांवरच्या मुलांनी दिसत नसल्याची तक्रार केली तेव्हा कुठे ते माझ्या लक्षात आले. आठ तास झोपूनही सकाळी शिणवटा रात्रीपेक्षा जास्त असे. वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागे, आणि एकदा हजेरी घेताना रोज पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीचे नाव मला आठवेना.

पहिल्या दीड वर्षाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तीन डॉक्टर झाले, वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे हलले नाही पण पित्त मात्र वाढले, आणि रक्ताच्या तपासण्या दोनदा झाल्या. थायरॉईड ठीक होते, संधिवाताच्या तपासण्या ठीक होत्या, दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी ठीक होते, स्नायूंची झीज दाखवणारे सीपीकेही ठीक होते. ड जीवनसत्त्व तेवढे कमी निघाले. ते औषधाने भरून आले, दुखणे जागच्या जागी राहिले. एका दवाखान्यात माझी फाइल माझ्याकडे सरकवून, ‘यात काहीच नाही, फार मनावर घेऊ नका,’ असे सांगण्यात आले. रिपोर्ट चांगले आले की माणसाने आनंदाने पेढे वाटावेत. मी रिक्षात बसून रडले. सांगलीत राहून हळदीचा सल्ला मिळाला नाही असे तर होणेच शक्य नव्हते. सासूबाईंनी सहा महिने रोज रात्री हळद घातलेले दूध हातात दिले आणि त्यांचे मन राखायला ते मी प्यायले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मिरजेला एका संधिवाततज्ज्ञांकडे गेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवून, ‘मॅडम, नक्की कसं दुखतं ते सांगा,’ असे विचारले, आणि इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता हे तेव्हा जाणवले. मराठीत दुखण्याला शब्दांची वाण नाही. गळू ठसठसते, शीर दबली की चमक निघते, पोटात कळ येते आणि जाते, चालून चालून पाय भरून येतात, ताप येण्याआधी अंग मोडून येते. मी बराच विचार करून सांगितले की रोजचे दुखणे आंबल्याचे आहे, त्यावर अधूनमधून ठणका असतो, आणि कधी कधी नुसता साडीचा काठ दंडाला घासला तरी हुळहुळते. त्यांनी ते तिन्ही शब्द मराठीतच लिहून घेतले. मग अंगठ्याने त्यांनी माझ्या मानेच्या मुळाशी, खांद्यांवर, कोपरांच्या बाहेरच्या बाजूला आणि गुडघ्यांच्या आतल्या बाजूला दाबून पाहिले. स्वतःच्या नखाचा रंग पांढरा पडेपर्यंत, म्हणजे साधारण चार किलोचा भार येईपर्यंत ते दाबत होते, आणि तेवढ्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले. तोच दाब त्यांनी माझ्यासोबत आलेल्या ह्यांच्या खांद्यावर दिला, तर ह्यांना काहीच वाटले नाही. मी इतके दिवस काय सांगत होते, ते ह्यांना त्या क्षणी कळले असावे, कारण परतीच्या वाटेवर ते एक शब्दही बोलले नाहीत.

१९९० च्या निकषांनुसार अशा अठरा जागांपैकी अकरा दुखल्या तरच फायब्रोमायल्जिया म्हणत असत, असे डॉक्टरांनी सांगितले. २०१० पासून मात्र शरीराच्या एकोणीस भागांपैकी किती भाग दुखतात हे मोजतात, आणि त्याच्या जोडीला थकवा, न विसावणारी झोप आणि विस्मरण यांचेही गुण धरतात. हे सारे किमान तीन महिने टिकलेले असावे लागते. माझे एकोणीसपैकी तेरा भाग भरले. तपासणीत काही न सापडणे हा या आजाराचा भागच आहे, दुसरे आजार नाहीत एवढेच त्या कागदांनी सिद्ध केले होते, हे कळल्यावर त्या फाइलीवरचा माझा राग निम्मा उतरला.

भाषेची शिक्षिका असल्यामुळे नावाची चौकशी केल्यावाचून मला राहवले नाही. १९०४ मध्ये विल्यम गॉवर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द काढला, त्याचा अर्थ तंतूंचा दाह. पुढे स्नायूंत दाह काही सापडेना, म्हणून १९७० च्या दशकात दाहाचा प्रत्यय गळून वेदनेचा आला आणि ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव झाले. म्हणजे चूक नावातच दुरुस्त केलेली आहे, तरी सूज उतरवणाऱ्या त्या वेदनाशामक गोळ्या मी दीड वर्ष खात होते. आमच्या हळदीचेही तेच. सूजच नाही तिथे ती बिचारी काय उतरवणार?

मग दुखते काय? मी हे स्वतःला समजावले ते तराजूच्या पासंगावरून. एखाद्या तागडीत आधीच पासंग असला की पदार्थ तेवढाच ठेवला तरी काटा भलतीकडे झुकतो. स्पर्श, दाब, श्रम हे सगळ्यांना होतात तेवढेच मला होतात, परंतु मज्जारज्जू आणि मेंदू त्यांचे वजन करताना ते वाढवून दाखवतात. शिवाय वेदना खाली दाबणारी मेंदूकडून येणारी यंत्रणाही दुबळी पडते. म्हणून दुखणे खोटे नसते आणि स्नायूही खराब झालेला नसतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. दुसऱ्या गोष्टीचा उपयोग मला जास्त झाला, कारण तोवर प्रत्येक ठणक्याला आत काहीतरी फाटत असेल अशी भीती वाटायची आणि त्या भीतीने मी हालचालच कमी केली होती.

झोपेचा भाग मला सगळ्यांत चकित करणारा वाटला. १९७५ च्या सुमारास कॅनडात हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांना काही रात्री गाढ झोपेत जाऊ दिले नाही, तर त्यांचेही स्नायू दुखू लागले. माझे औषध म्हणूनच झोपेच्या बाजूने सुरू झाले: एमिट्रिप्टिलिन, दहा मिलिग्रॅम, रात्री साडेआठला. ही मुळात नैराश्यावरची जुनी गोळी, इथे तिची मात्रा फार लहान असते. तोंड कोरडे पडे, पहिले दोन आठवडे सकाळी डोके जड राही, पण महिन्याभरात मध्यरात्रीचे जागणे कमी झाले. प्रीगॅबालिनही देऊन पाहिले, ते मला चक्कर आणल्यामुळे बंद केले. हा माझ्या शरीराचा हिशेब आहे. दुसऱ्या कोणाला नेमके उलटेही होऊ शकते आणि तो निर्णय डॉक्टरांचाच.

खरे काम गोळ्यांबाहेर होते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळे उपाय तपासून जी शिफारस ठामपणे केली ती एकट्या व्यायामाची, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला ती थट्टा वाटली होती. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिने तीन साध्या दिवशी, दुखणे वाढेपर्यंत मी किती मिनिटे चालते ते मोजायला लावले. सरासरी नऊ आली. ‘मग काकू, आपण सातपासून सुरू करू,’ असे ती म्हणाली. ‘थांबायचं ते घड्याळ बघून. दुखायला लागल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो.’

सात मिनिटे आमच्या गच्चीवर, आणि बहुतेक आठवड्यांना एक मिनिट वाढ. वाईट दिवशी सात मिनिटे चालणे अवघड असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात अवघड गेले ते बऱ्या दिवशी सातलाच थांबणे. त्या मार्चमध्ये होळीच्या दिवशी मी उठले तर अंग इतके हलके होते, की वर्षभराचे राहिलेले सारे आजच उरकावे असा हुरूप आला. पुरण वाटले, तीस पोळ्या लाटल्या, दुपारी माळा आवरायला घेतला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खाड्याशेजारी मी रोजच्या दुखण्याला दहापैकी गुण लिहीत असे. होळीच्या चौकोनात ३ आहे, धुळवडीच्या ७, आणि पुढचे सहा चौकोन ८ आणि ९ चे. मागची पाने उलटून पाहिली तर तसेच दिसले. माझ्या प्रत्येक वाईट आठवड्याच्या अलीकडे एक चांगला दिवस उभा होता.

तेव्हापासून कणीक दोन वेळा, अर्धी अर्धी मळू लागले. चादरी पिळणे मुलाकडे गेले. फळ्याचा वरचा भाग विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यायचा, असे शाळा भरू लागण्याआधीच ठरवून टाकले. सासूबाईंना मात्र हे पटायला वेळ लागला, कारण आजारी माणसाने आजारी दिसावे असे त्यांचे साधे म्हणणे होते, आणि मी बरी दिसत असतानाच खुर्चीत बसत होते.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. ओसरल्यावर या वेळी गाळ कमी होता, पण होता. मी मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावला, स्टुलावर बसून खराट्याने ओट्याखालचा गाळ ओढला, आणि गजर वाजताच खराटा ठेवून पायरीवर जाऊन बसले. समोरच्या वहिनी कमरेला पदर खोचून बादल्या उपसत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही विचारले नाही. हात शिवशिवत होते, अंग दुखत नव्हते, ओट्याखाली दोन फरशा राहिल्या होत्या. अर्धा तास झाल्यावर मी उठले, तोवर त्या फरशा सासूबाईंनी पुसून टाकल्या होत्या.