बीआरच्या रजिस्टरातलं प्रश्नचिन्ह

२३ एप्रिल १९९२, गुरुवार. फोर्टमधल्या एका बँकेच्या गुंतवणूक विभागात मी तेव्हा कनिष्ठ अधिकारी होतो. साहेब 'टाइम्स ऑफ इंडिया' हातात घेऊनच आत आले आणि पेपर माझ्या टेबलावर टाकला. "सगळ्या ओपन बीआर काढ. संध्याकाळपर्यंत यादी हवी."

बातमी पत्रकार सुचेता दलाल यांची होती. स्टेट बँकेने एका दलालाला ५०० कोटी चुकते करायला सांगितले होते.

तेव्हा रोख्यांचे व्यवहार कसे चालत, हे बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. सरकारी रोख्यांची मालकी रिझर्व्ह बँकेच्या एसजीएल (सबसिडिअरी जनरल लेजर) खात्यात, हाताने लिहिलेल्या खतावणीत असायची. विकणाऱ्याच्या खात्यात रोखेच नसले तर ट्रान्सफर फॉर्म परत यायचा, पण कित्येक दिवसांनी. तोवर अडायला नको म्हणून बीआर, म्हणजे बँकर्स रिसीट: 'पैसे मिळाले, रोखे मागाहून देतो.' साधा कागद, टाइप केलेल्या चार ओळी, सह्या. त्यावर कोट्यवधी रुपये हलायचे. रेडी फॉरवर्डमध्ये तर आज विकून पंधरा दिवसांनी ठरल्या भावाने परतच घ्यायचं, मग रोखे हलवायचेच कशाला, असा सगळ्यांचा सूर. चेक निघायचा बँकेच्या नावाने आणि जमा व्हायचा दलालाच्या खात्यात. याला 'प्रथा' म्हणत. आमचे वरिष्ठ हा शब्द नियमासारखा वापरायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

यादी करायला बसलो. आमचं रजिस्टर टेबलभर पसरायचं. तारीख, बँक, दलाल, रोखा, रक्कम, डिलिव्हरी, शेरा. डिलिव्हरीचा रकाना रिकामा दिसला की ओळ उतरवायची. दुपारी जानेवारीच्या पानावर आलो आणि हात थांबला. दहा कोटींची बीआर, साडेतीन महिने उघडी. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. अक्षर माझंच.

मला सगळं आठवलं. जानेवारीत मी साहेबांना विचारलं होतं. "दलाल ओळखीचा आहे रे," एवढंच उत्तर मिळालं. मी पान उलटलं होतं.

बातमी 'मिळाली' म्हणून सुचेता दलाल यांचं नाव झालं, असं म्हणणारे मला अनेक भेटले. मला ते अजिबात मान्य नाही. आमच्या विभागात वर्षानुवर्षं बसणाऱ्यांनाही एसजीएल आणि बीआरचं कोडं नीट समजावून सांगता येत नव्हतं. सुचेता दलाल यांनी ते समजून घेतलं, एकेक धागा जुळवला आणि बाजार ज्याला डोक्यावर घेऊन नाचत होता त्या शेअर दलाल हर्षद मेहतापर्यंत नेऊन भिडवला. त्या संख्याशास्त्र शिकलेल्या, वर कायद्याची पदवी, वय तेव्हा तिशीच्या आसपास. २००१ साली केतन पारेखच्या शेअर घोटाळ्याच्या वेळीही त्या मागे लागल्याच, आणि २००६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते त्या एप्रिलमध्ये. रजिस्टर आमच्याकडे होतं, प्रश्न त्यांनी विचारला.

पुढे रिझर्व्ह बँकेने चौकशीला नेमलेल्या जानकीरामन समितीने मोजलेलं भगदाड चार हजार कोटींच्या वर गेलं. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह या छोट्या बँकांनी हातात रोखे नसताना बीआर काढून दिल्या होत्या. कराडची बँक अवसायनात निघाली. ज्यांनी घामाचा पैसा तिथे ठेवला, त्यांनी रेडी फॉरवर्ड हा शब्द तरी ऐकला होता का? याचा मला आजही संताप येतो.

जानेवारीतच सुचेता दलाल यांचा फोन आमच्या विभागात आला असता, तर मी त्या दहा कोटींबद्दल बोललो असतो का? घरी बायकोला छातीठोकपणे 'हो' म्हणालो होतो. नंतर रात्रभर झोप लागली नाही.

त्या संध्याकाळी यादी घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेबांनी ती वाचली, रजिस्टर मागवलं, जानेवारीचं पान उघडलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ड्रॉवरमधून खोडरबर काढून पानावर ठेवलं आणि कोट उचलून बाहेर पडले.

शिपाई दिवे मालवत आला तरी मी तिथेच बसून होतो. शेवटी खोडरबर परत ड्रॉवरमध्ये टाकलं, पेन उघडलं, पेन्सिलीच्या खुणेवरून शाईने गिरवलं आणि खाली सही केली. तारीख जानेवारीची घालावी असं क्षणभर वाटलं. घातली ती त्या दिवसाची.