तुम्ही विचारलंत म्हणून: शहराचं अर्थकारण शिकायचं तर

प्रश्न साधारण असा येतो: 'शहरी आर्थिक विकास या विषयात मास्टर्स करायचं आहे. तिथे नेमकं शिकवतात काय, तयारी काय करू, आणि अर्थशास्त्राची पदवी नसेल तर जमेल का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: जमतं. स्थापत्य, भूगोल, समाजशास्त्र, वाणिज्य, अभियांत्रिकी अशा सगळ्या वाटांनी लोक इथे येतात. पदवीपेक्षा आकड्याकडे बघण्याची सवय जास्त कामाला येते. समोर आलेला आकडा कुठल्या हद्दीतला आहे, कुणाला मोजून आणि कुणाला वगळून आला आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. माझ्या मते या विषयाचा कणा हाच आहे.

सुरुवात हद्दीपासूनच होते. पालिकेची हद्द कारभारासाठी आखलेली असते, पण कामावर जाणारी माणसं ती रोज ओलांडतात. म्हणून ओईसीडी (बहुतांशी श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना) आणि युरोपीय संघ शहर वेगळ्या पद्धतीनं ठरवतात. नकाशावर १ चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे. दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसं असलेले, एकमेकांना लागून असलेले चौकोन घ्यायचे. त्यांची एकूण लोकसंख्या किमान ५०,००० भरली की तो शहराचा गाभा. आसपासच्या ज्या भागांतले १५ टक्के किंवा जास्त नोकरदार कामासाठी या शहरात येतात, ते भाग त्याला जोडायचे. हे केलं नाही तर काय होतं? गाभ्यातल्या दरडोई उत्पादनात बाहेरून येणाऱ्यांचं काम अंशात धरलं जातं, पण ती माणसं छेदात नसतात. शहर आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतं आणि उपनगर गरीब. दुसरी चूक याहून साधी आणि फार सर्रास होणारी: दोन वर्षांच्या मध्ये हद्दवाढ झालेली असते आणि तिलाच वाढ समजलं जातं. दोन्ही वर्षांचे आकडे एकाच हद्दीत बसवल्याशिवाय तुलना करायची नाही.

मग येतात मोजण्याची हत्यारं. पहिलं लोकेशन कोशंट. समजा शहरात २,००,००० रोजगार आहेत आणि त्यातले १२,००० कापडउद्योगात, म्हणजे ६ टक्के. देशभरात हेच प्रमाण ३ टक्के. ६ ला ३ नं भागलं की कोशंट २. अर्थ असा की शहर आपल्या वाट्याच्या दुप्पट माणसं या धंद्यात लावतं, म्हणजे बहुधा बाहेर माल विकून कमावतं. गणित दोन मिनिटांचं आहे. अडचण पुढे आहे. धंद्यांची वर्गवारी ढोबळ ठेवली तर सूतगिरणी आणि शिलाईकाम एकाच खान्यात पडतं आणि शहराची खरी खासियत दिसत नाही. वर्गवारी फार बारीक केली तर ४० माणसांच्या धंद्याचाही कोशंट ५ येतो आणि तो उगाच महत्त्वाचा वाटू लागतो. म्हणून कोशंटच्या शेजारी प्रत्यक्ष माणसांचा आकडा नेहमी लिहावा.

दुसरं हत्यार शिफ्ट-शेअर, म्हणजे रोजगारातल्या वाढीची देश, धंदा आणि शहर अशी तीन वाट्यांत फोड. ते मला फार मोलाचं वाटतं, कारण आनंदाच्या बातमीमागे काय आहे ते उघड करतं. एका धंद्यातले रोजगार पाच वर्षांत १०,००० वरून १०,८०० झाले. त्याच काळात देशातले एकूण रोजगार ५ टक्के वाढले, आणि हा धंदा देशभर १२ टक्के वाढला. आता फोड करू. देशाच्या सर्वसाधारण वाढीमुळे ५००. धंदाच तेजीत होता म्हणून आणखी ७ टक्के, म्हणजे ७००. पण शहरात वाढ झाली फक्त ८ टक्के, देशातल्या याच धंद्यापेक्षा ४ टक्के कमी, म्हणून उणे ४००. बेरीज बरोबर ८००. भाषणात '८०० नवे रोजगार' येतील. फोड सांगते की शहर या धंद्यात मागे पडतंय. का पडतंय, हे मात्र शिफ्ट-शेअर सांगत नाही. ते शोधायला धंदेवाल्यांशी बोलावं लागतं.

आणि इथेच सगळ्यांत मोठं भगदाड दिसतं. वरची दोन्ही गणितं बहुधा नोंदलेल्या आस्थापनांच्या आकड्यांवर चालतात. घरी बसून तुकड्यांवर काम करणारी बाई, रस्त्यावर विकणारा, रोजंदारीवरचा गवंडी त्यात नसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातले सुमारे २ अब्ज कामकरी, म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त, अनौपचारिक रोजगारात आहेत. व्याख्याही दोन आहेत आणि त्यांची गल्लत परीक्षेतही होते, अहवालातही. १९९३ ची व्याख्या धंदा बघते: उद्योग अनौपचारिक आहे का? २००३ ची नोकरी बघते: या माणसाला कायद्याचं किंवा सामाजिक सुरक्षेचं संरक्षण आहे का? मोठ्या नोंदणीकृत कारखान्यातला कराराविना राबणारा कामगार पहिल्या मोजणीत सुटतो, दुसऱ्या मोजणीत धरला जातो. ही माणसं गाळून शहराचं धोरण आखलं तर ते धोरण अर्ध्या शहराचंच होतं, आणि त्याची किंमत नेमके हेच लोक मोजतात.

सिद्धांतांवर कमी लिहितो आहे, कारण ते वर्गात व्यवस्थित शिकवले जातात. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलनं १८९० मध्ये सांगितलं की एकाच धंद्याचे लोक एकत्र आले की कुशल कामगार, पुरवठादार आणि माहिती या तिन्ही गोष्टी हाताशी राहतात. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सनं १९६९ मध्ये वेगवेगळे धंदे शेजारी असण्यावर भर दिला, कारण नवं काम अशा सरमिसळीतून निघतं. एकाच धंद्यावर जोर द्यावा की विविधता जपावी, हा धोरणातला वाद आजही याच दोन टोकांमध्ये फिरतो.

जमिनीच्या तासांना मात्र मन लावून बसा. विल्यम अलोन्सोनं १९६४ मध्ये मांडलेली चौकट अशी: केंद्राच्या जवळ राहिलं की प्रवासाचा खर्च वाचतो, तो फायदा जमिनीच्या भावात उतरतो. म्हणूनच सार्वजनिक पैशानं रेल्वे आली की भाव मालकाच्या जमिनीचा वाढतो, आणि भाडेकरूवर बोजा पडतो. ती वाढ सरकारनं परत घेण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत. कोलंबियात १९२१ पासून सार्वजनिक कामामुळे वाढलेल्या किमतीवर आकारणी करण्याची कायदेशीर सोय आहे. ब्राझीलमधलं साओ पावलो जादा बांधकामाचे हक्क रोख्यांच्या रूपात लिलावानं विकतं. हाँगकाँगमध्ये सरकार जमीन भाडेपट्ट्यानं देतं. मोजताना चूक कुठे होते? रेल्वे सुरू झाल्याच्या वर्षापासून मोजायला लागलं की बरीच वाढ निसटते, कारण भाव घोषणेबरोबरच हलू लागलेले असतात. आधारवर्ष घोषणेच्या आधीचं हवं. आणि मार्ग मुळातच वाढणाऱ्या भागातून आखला असेल, तर सगळी वाढ रेल्वेच्या नावावर लिहिता येत नाही.

हाच तर्क उद्योगांना सवलती देणाऱ्या योजनांनाही लागतो. '१,००० रोजगार निर्माण झाले' असं कुणी म्हटलं की वजाबाकी सुरू करायची. योजना नसती तरी झालेच असते असे ४०० असतील, तर उरले ६००. त्यातले २०० शेजारच्या भागातून उचलून इकडे आलेले, मग उरले ४००. त्यांच्या खर्चावर उभे राहणारे आणखी १०० धरले, तर निव्वळ ५००. यातले आकडे उदाहरणादाखल आहेत, पण ही उतरंड पाठ हवी. एकूण खर्चाला १,००० नं भागून दर रोजगारामागचा खर्च काढला की योजना निम्म्या किमतीत पडल्यासारखी दिसते.

अभ्यासक्रम निवडताना तो कुठल्या विभागात आहे ते पाहा. नियोजन विभागात प्रत्यक्ष काम आणि गटप्रकल्प जास्त, अर्थशास्त्र विभागात गणित जास्त, भूगोल विभागात जागा आणि विषमता यांवर भर. ब्रिटनमध्ये मास्टर्स बहुधा एका वर्षाचं, १८० क्रेडिटचं. युरोपात इतरत्र बरेच ठिकाणी दोन वर्षांचं, १२० ईसीटीएसचं (हे युरोपातलं क्रेडिटचं एकक), आणि एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तास काम. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र नव्यानं शिकायला सवड मिळत नाही, म्हणून ते आधीच करून जावं. रिग्रेशनचा, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजण्याच्या पद्धतीचा, तक्ता वाचता यायला हवा: गुणक, प्रमाणित त्रुटी, आणि कुठलं चल राहून गेलंय याचा अंदाज. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात दोन वर्षांचे वॉर्डचे आकडे नकाशावर चढवून बघा. आणि कुठल्याही एका पालिकेचं अंदाजपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा: स्वतःचं उत्पन्न किती, अनुदान किती, भांडवली कामांसाठी ठेवलेल्यातलं खर्च किती झालं. अर्जातल्या निवेदनात 'मला शहरं आवडतात' यापेक्षा त्या अंदाजपत्रकातून सुचलेला एक प्रश्न कितीतरी जास्त बोलतो.

प्रबंधाबद्दल शेवटी, कारण बहुतेकांची दमछाक तिथेच होते. 'मेट्रोचा अनौपचारिक क्षेत्रावर परिणाम' हा विषय तीन महिन्यांत उरकत नाही. 'स्थानकापासून ५०० मीटरच्या आत विकणाऱ्यांच्या जागा आणि वेळा कशा बदलल्या' हा उरकतो. दोन वर्षांपूर्वी रोज किती विक्री व्हायची हे कुणाला नीट आठवत नाही, पण कुठे बसायचो, हाताखाली कुणी होतं का, हे आठवतं. म्हणून तेच विचारा. महिन्याची कमाई थेट विचारू नका. काल किती विकलं, किती माल आणला, भाडं आणि वाहतूक किती, आठवड्यात किती दिवस बसता, असं विचारून ती स्वतः काढा. विद्यापीठाच्या नैतिक मंजुरीला काही आठवडे लागू शकतात आणि अर्जाला प्रश्नावली जोडावी लागते, म्हणून प्रश्नावली लवकर लिहा. आणि प्रत्यक्ष पाहणीला जाण्याआधी प्रबंधात येणारे सगळे तक्ते रिकामे आखून ठेवा, फक्त रकान्यांची नावं घालून. ज्या रकान्याला प्रश्नावलीत प्रश्नच सापडत नाही, तो प्रश्न त्याच दिवशी लिहून टाका.