गोळी फिटची, रिपोर्ट थायरॉईडचा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "फिटच्या गोळ्यांनी थायरॉईड होतं का? मग त्या बंद कराव्यात का?" माझी गोळी चालू आहे हे ज्यांना माहीत आहे, ते कधी ना कधी हे विचारतातच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आपल्या मनाने एकही डोस चुकवू नका.

मी चुकवलाय. कार्बामाझेपिन ही फिटची गोळी सुरू होऊन वर्ष झालं होतं, सारखं थकायला व्हायचं म्हणून रक्त तपासलं. रिपोर्टात टी-४ च्या, म्हणजे थायरॉईड ग्रंथीच्या हॉर्मोनच्या, आकड्याशेजारी ठळक अक्षरांत 'लो' छापलेलं. खालच्याच ओळीतलं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन, नॉर्मल होतं, पण माझी नजर त्या 'लो'वरून हललीच नाही. गोळीनेच हे केलं असं ठरवून मी त्या रात्रीचा डोस घेतला नाही, दुसऱ्या दिवशीचेही नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे भानावर आले तेव्हा जिभेची कड चावली गेली होती, उशीवर रक्ताचा डाग होता आणि आई मला कुशीवर धरून बसली होती. तिचे हात थरथरत होते. माझ्या जिभेपेक्षा ते हात मला जास्त आठवतात.

नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन ही औषधं यकृतातल्या एन्झाइम्सना जोमाने कामाला लावतात. मग ती एन्झाइम्स थायरॉईडचं हॉर्मोनही नेहमीपेक्षा लवकर मोडतात आणि रक्तातलं टी-४ उतरतं. फेनिटॉइन तर टी-४ रक्तात ज्या प्रथिनांना धरून फिरतं, तिथून त्याला हुसकावतंही. पण शरीराला हॉर्मोन खरंच कमी पडलं, तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉईडला हाक मारते. टीएसएच नॉर्मल असेल, तर बहुतेक वेळा शरीराची गरज भागत असते. अशा माणसाला फक्त कागदावरच्या 'लो'साठी थायरॉईडची गोळी सहसा लागत नाही. क्वचित पिट्यूटरीच बिघडलेली असते, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांनाच वाचू द्यावा.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची गोष्ट वेगळी. त्यात टी-४ बहुधा ठीक असतं आणि टीएसएच थोडं वर जातं, लहान मुलांत विशेष. औषध थांबलं की बहुतेकदा ते खाली येतं. गोंधळ होतो तो लक्षणांचा. व्हॅल्प्रोएटने मुळातच वजन वाढू शकतं, केस गळू शकतात, आणि थायरॉईड मंदावलं तरी हेच होतं. आरशात बघून यातलं काय ते कळत नाही, रक्तच तपासावं लागतं. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन थायरॉईडच्या फारसे वाटेला जात नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती आधीपासून थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, घेणाऱ्यांची. त्यांना कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू झालं, की इतके दिवस पुरणारा डोस अपुरा पडू शकतो. बाहेरून घेतलेलं हॉर्मोनही तेच यकृत लवकर मोडतं, आणि ज्याची ग्रंथीच थकली आहे त्याला ती तूट भरून काढता येत नाही. म्हणून नवीन गोळी लागल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच करून घ्या. पुढे डॉक्टरांनी ती गोळी कमी करत बंद केली, तर वाढवलेला थायरॉक्सिनचा डोस जास्त होतो, छाती धडधडते, झोप उडते. तेव्हाही तपासणी हवीच. फिटचे डॉक्टर वेगळे आणि थायरॉईडचे वेगळे असतील, तर दोघांनाही दुसऱ्याची चिठ्ठी दाखवा. हे राहून जातं, फार घरांत राहून जातं.

माझं टी-४ आजही रेंजच्या जरा खालीच असतं, टीएसएच नॉर्मल. थकवा गोळीच्या गुंगीचा निघाला. डॉक्टरांनी डोसची विभागणी बदलली, तेव्हा तो बराच उतरला. त्या पहाटेनंतर मला फिट आलेली नाही.